सरांच्या गळ्यातला टाय

रविवार, १८ जानेवारी. आजचं काम असं: समोर शर्टांचा गठ्ठा आहे. प्रत्येक शर्टाचं वरून दुसरं बटण काढायचं आणि ते समोरच्या काजावर, वरच्या अंगाने, नुसतं दिसायला शिवून टाकायचं. बघणाऱ्याला वाटेल बटण लावलंय. प्रत्यक्षात तिथे फट राहील. शर्ट माझ्या नवऱ्याचे नाहीत. त्याचं बटण तुटलं तर मी सुई-दोरा त्याच्याच हातात देते.

शर्ट सरांचे आहेत. अंधेरीच्या ज्या औषध कंपनीत मी नोकरी केली, तिथे सर नव्या एमआरना शिकवायचे. एमआर म्हणजे बॅग घेऊन दवाखान्यांबाहेर ताटकळणारी, डॉक्टरला आपल्या औषधाची माहिती देणारी मुलं. मी ऑफिसची व्यवस्था बघायचे. हजेरी, हॉल, चहा, बिघडलेले एसी. माझं टेबल त्यांच्या वर्गाला लागून होतं, मध्ये फक्त काचेची भिंत. त्यामुळे मी त्यांना वर्षानुवर्षं बघत आले आणि अजूनही माझं बघून झालेलं नाही.

पहिली गोष्ट टाय. तो ऑफिसात कुणालाच सुटलेला नव्हता, कंपनीचा नियमच होता. पण बाकीच्यांच्या गळ्यात टाय असायचा आणि सर टायमध्ये असायचे. सडपातळ, सावळे, उंची बेताची. चारचौघांत उठून दिसावं असं देवाने काही दिलेलं नाही. तरी ते लिफ्टमधून बाहेर आले की बोलत असलेली माणसं एक क्षण थांबायची. गाठ लहान, घट्ट, कॉलरच्या बरोबर मध्ये. गाठीखाली एक छोटासा खळगा. त्याला ते खळी म्हणायचे. "खळी पडली पाहिजे. गालाला नसली तरी चालेल, टायला पाहिजे." टायचं टोक पट्ट्याच्या बक्कलला टेकलेलं, वर नाही, खाली नाही. पोट सुटलेले एमआर टाय आखूड बांधून यायचे, त्यांना ते बोटाने पोटात टोचायचे. "टाय वर नाही घ्यायचा. हे आत घ्यायचं."

आणि हे सगळं आरशाशिवाय. आरसा लागतो तो शिकाऊ, असं त्यांचं मत.

नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी एक ठरलेला प्रकार व्हायचा. मुलं गाठ मारलेला टाय घालून यायची. ती गाठ इंटरव्ह्यूच्या दिवशी कुणीतरी मारून दिलेली असायची. मग पोरं ती कधीच सोडायची नाहीत. संध्याकाळी सैल करून डोक्यावरून काढायची, खिळ्याला अडकवायची, सकाळी पुन्हा मान घालायची. मुंबईतले निम्मे टाय असेच खिळ्यांवर लटकत असतील. सर वर्गात शिरायचे, रांगेतून फिरायचे आणि एकाजवळ थांबायचे.

"ही गाठ कोणी मारली?"

"सर, शेजारच्या काकांनी."

"काका रोज येतात कामावर? तुझ्याबरोबर?"

"नाही सर."

"मग आज डॉक्टरशी काका बोलणार की तू?"

मग सगळ्यांचे टाय काढायला लावून, सगळ्या गाठी सोडून ते टेबलावर ढीग करायचे. ज्याने त्याने आपला ओळखून उचलायचा आणि बांधायचा. काचेतून मला दिसायचं: धडधाकट पोरं घामाघूम होऊन स्वतःलाच फास लावतायत. एखादा अगदीच वेडावाकडा बांधून उभा राहिला की सरांचं मालवणी सुटायचं. "मेल्या, ह्यो टाय हा काय रेड्याची दोरी?" वर्ग हसायचा आणि त्या पोराची भीती जायची. त्यानंतर नियम एकच. रोज संध्याकाळी गाठ सोडायची. "दिवसभर वाकलेल्या माणसाला रात्री आडवं होऊ देता ना? कापडालाही द्या."

मी एकदा म्हटलं, "सर, मे महिन्यात तरी सोडा. बघूनच मला घाम येतो."

"मे महिना डॉक्टरला पण असतो गो बाय. म्हणून तो पोट तपासायचं सोडतो?"

त्यांना स्वतःला घाम येताना मी कधी पाहिलं नाही. ही अतिशयोक्ती वाटेल. मी अतिशयोक्ती करणारी बाई नाही.

टाय कुठला घालायचा हे ते कपाटासमोर ठरवत नसत. आधी खिडकी उघडून उजेड बघायचे. आभाळ मळकट असेल तर मोहरीच्या रंगाचा. कडक ऊन असेल तर गडद निळा, "बघणाऱ्याच्या डोळ्यांना सावली." लहान मुलांच्या डॉक्टरकडे जाताना चित्रांचा टाय घालू नये, पोरं ओढतात. कॅन्सरच्या दवाखान्यात जाताना साधा, एकरंगी, नक्षी नको. मी विचारलं का, तर म्हणाले, "बाहेर बाकावर बसलेल्या माणसाचं डोकं आधीच भरलेलं असतं. त्यात आपल्या गळ्यातले ठिपके कशाला घालायचे?"

आणि हे मला कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला: एखाद्याला कामावरून कमी करायचं असेल त्या दिवशी सर आपला सगळ्यात चांगला टाय घालून येत. गर्द मरून, रेशमी. ऑफिसात सगळ्यांना तो टाय माहीत होता, तो दिसला की जो तो फायलीत डोकं घालायचा. लोक त्यांना विक्षिप्त म्हणायचे, काही जण दुष्टही. मी विचारलंच. ते म्हणाले, "त्याच्या आयुष्यातला वाईट दिवस. आपण गबाळे जाऊन तो आणखी वाईट करायचा?"

त्यानंतर तो टाय दिसला की मी एक चहा आधीच सांगून ठेवायचे. 

जुहूच्या एका हॉटेलात कंपनीची वार्षिक सभा होती तेव्हाची गोष्ट. मालकांच्या डोक्यात आलं की सगळ्यांनी एकसारखे टाय घालायचे. पिवळाधमक, चकचकीत पॉलिस्टरचा टाय, त्यावर लाल कॅप्सूल छापलेल्या. खोकी माझ्याकडे आली, वाटायचं काम माझंच. मला वाटलं, आता सर राजीनामा देणार. मी त्यांचा टाय त्यांच्या टेबलावर ठेवला आणि काचेआड जाऊन बसले. त्यांनी तो उचलला, दोन बोटांत चोळला, उलटा करून शिवण बघितली आणि घडी घालून बॅगेत ठेवला. 

सभेला सगळे आले. हॉल भरून पिवळी माणसं. हॉटेलचे वेटर आणि आमचे मॅनेजर वेगळे ओळखू येईनात. एकाला तर पाहुण्यांनी पाणी आणायला सांगितलं. मग सर आले. तपकिरी सूट, फिका निळसर शर्ट, गाठ एवढीशी, खळी पडलेली, आणि त्या टायचा पिवळा रंग असा दिसत होता की जणू सुटासाठीच मुद्दाम शोधून आणलाय. कॅप्सूल तर दिसेचनात. सुटाचं बटण लावून त्यांनी छापाचा बराचसा भाग आत घेतला होता आणि उरलेला गाठीच्या वळणात जिरवला होता.

मालक माझ्याजवळ येऊन चिडून म्हणाले, "यांना वेगळा टाय कुणी दिला?"

"साहेब, तोच आहे."

"कसं शक्य आहे?"

मी सांगितलं, "त्याच खोक्यातला. हवं तर जाऊन उलटा करून बघा." मालक खरंच गेले आणि खरंच उलटा करून बघितला. सर शांत उभे राहिले. एखाद्या डॉक्टरने नाडी बघावी तसं बघू दिलं.

ते तेव्हा भांडुपला राहायचे. वडील गिरणीत होते, गाव मालवणकडचं. रविवारी सकाळी सर भांडुपच्या बाजारात मासे आणायला जायचे, तेही टाय लावून. मी तिथेच राहते, त्यामुळे डोळ्यांनी बघितलंय. मासळीवर वाकताना ते टायचं टोक शर्टाच्या दोन बटणांमधून आत खोचत. ओळखीची कोळीण लांबूनच ओरडायची, "आला गं माझा सायब! लग्नाला चाललास का बांगडं घ्यायला?"

"बांगड्याचा शेवटचा दिवस आहे. कुणीतरी नीट कपडे घालून यायला नको?"

ती खोखो हसायची, पण भावात एक पैसा सोडायची नाही. सरही तिला सोडायचे नाहीत. टाय बघून ती भाव वाढवते, मग तो घालता कशाला, असं वहिनी, म्हणजे त्यांची बायको, कायम म्हणायच्या.

या सगळ्याचं मूळ मी एकदा विचारलं होतं. फार काही हाती लागलं नाही. वडील गिरणीतून सुटले की अंगावरचं कापसाचं तूस झटकून, शर्ट बदलूनच चाळीत शिरायचे, एवढं म्हणाले. "माझ्या बापाचा कपडा कधी मळका नव्हता. फक्त गळा उघडा होता." मग फाइल उघडून बसले. मीही चहाचा हिशेब करायला गेले.

सर निवृत्त झाले, मुलुंडला राहायला गेले. नंतर कंपनीने टायचा नियमच काढून टाकला. आता पोरं टी-शर्टात फिरतात. मला वाटलं सरांना वाईट वाटेल. ते म्हणाले, "बरं झालं. आता जो घालेल तो मनाने घालेल."

गेल्या पावसाळ्यात त्यांचा आवाज बसला. बसला तो उठेना. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढावं लागेल म्हणून सांगितलं. गळ्याच्या मुळाशी कायमचं भोक राहणार, श्वास तिथून घ्यायचा, आणि आपला आवाज गेला तो गेला. वहिनी रडायला लागल्या. सरांनी फक्त विचारलं, "कॉलरचं वरचं बटण लागेल का?" डॉक्टरांना वाटलं धक्क्याने बोलतायत. त्यांनी समजावलं की भोकावर घट्ट काही चालणार नाही, जाळीचा कपडा तेवढा लावायचा. सर "बरं" म्हणाले.

दवाखान्यात भरती व्हायला ते पूर्ण टाय लावून गेले, गडद निळा, एकरंगी. ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी तो गळ्यातून सोडवला, नीट गुंडाळला आणि वहिनींच्या हातात दिला. आत नेताना वहिनींनी विचारलं, काही सांगायचंय का. स्वतःच्या आवाजातलं सरांचं शेवटचं वाक्य होतं: "इस्त्री करू नको त्याला."

वहिनी हे सांगताना रडतात आणि हसतात. मी फक्त मान हलवते. माणूस मरणाच्या दारात जाताना कापडाची काळजी करतो, याला काय म्हणायचं ते मला ठरवता आलेलं नाही. पण त्या जागी मी असते तर माझा आवाज थरथरला असता एवढं नक्की.

ऑपरेशन चांगलं झालं. आजार निघाला. पण सर घराबाहेर पडेनात. दवाखान्यात बोलायला शिकवण्याचा वर्ग असतो. स्वरयंत्र गेलेली माणसं अन्ननलिकेतून हवा काढून बोलायला शिकतात. तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की आता सुरू करा, उशीर कराल तेवढं जड जाईल. सर जायचेच नाहीत. खुर्चीत बसून पाटीवर लिहायचे: उद्या. महिने गेले. शेवटी वहिनींचा फोन आला, "तू ये गं. माझं काही ऐकत नाहीत. असेच मुके राहतील आयुष्यभर."

मी गेले. सर बनियनवर बसले होते, गळ्याला पांढरी जाळी. त्यांना बनियनवर मी पहिल्यांदाच बघितलं आणि नजर कुठे ठेवावी कळेना. म्हणून ओरडले.

"सर, भोक गळ्याला पडलंय, अकलेला नाही. वर्गाला का जात नाही?"

ते हसले. आवाज नाही, फक्त गळ्यावरची जाळी फडफडली. मग पाटी घेतली. लिहिलं: "उघड्या गळ्याने कसा जाऊ?"

"तिथे सगळेच तसे असतात!"

पुन्हा लिहिलं: "म्हणूनच. रोज नवीन पेशंट येतो. तो जुन्याकडे बघून ठरवतो, आपलं पुढे काय होणार."

मला वाटलं होतं माणूस हटवादी आहे. ते तर पहिल्या दिवसाची बॅच डोळ्यांसमोर ठेवून बसले होते.

मी म्हटलं, "मग टाय बांधून जा. उठा, बघू काय होतं ते."

पहिला प्रयत्न फसला, आणि वाईट फसला. त्यांनी शर्ट चढवला, रेशमी टाय बांधला, श्वास घेतला आणि कापड आत ओढलं जाऊन भोकावर चिकटलं. चेहरा एकदम काळानिळा. वहिनी किंचाळल्या. मी टाय खेचून बाजूला केला. खोकून खोकून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. वहिनी म्हणाल्या, "पुरे झाली ती थेरं! जिवापेक्षा टाय मोठा आहे का?" सरांनी दम खाल्ला आणि दुसरा टाय आणायला बोट दाखवलं.  

मग डोकं चालवलं. हवेला वाट पाहिजे, आणि बाहेरून कॉलर बंद दिसली पाहिजे. दुसऱ्या बटणाची युक्ती माझी. ते उघडं राहिलं की टायच्या मागून हवा खेळते, आणि बटण काजावर शिवलं की उघडं दिसत नाही. कापडाची युक्ती त्यांची. कपाटाच्या तळातून त्यांनी एक विणलेला, जाळीदार टाय काढायला लावला. कुणा जुन्या विद्यार्थ्याने परदेशातून आणला होता आणि सरांनी तो "मोजा" म्हणून कधी घातला नव्हता. त्यातून फुंकर मारली तर पलीकडे लागत होती. कॉलर एक माप मोठी घेतली. जाळी आतून तशीच ठेवली. असा टाय बांधून ते खिडकीपाशी बराच वेळ बसले, चालले, जिना उतरून चढले. मी फोटो काढून वर्गाच्या बाईंना पाठवला. त्यांनी डॉक्टरांना विचारून कळवलं: सैल राहील एवढं बघा, चालेल.

वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही. म्हणून शर्ट माझ्याकडे. उद्या पहिला वर्ग आहे. सर खरंच जातील का, याची वहिनींना खात्री नाही. आत्ताच फोन येऊन गेला. मी म्हटलं, शर्ट तर होऊ द्या.

सोमवार.

सकाळी शर्ट घेऊन मुलुंडला गेले. सर तयार बसले होते, दाढी केलेली, बूट घातलेले, वर बनियन. सगळे शर्ट त्यांनी उजेडात धरून पाहिले. एकाचं बटण रेघेतून किंचित सरकलं होतं. मला तर दिसतही नव्हतं. त्यांनी नख ठेवून दाखवलं. वहिनी म्हणाल्या, "अहो, ती बिचारी एवढी भांडुपहून आली!" मी वहिनींना गप्प केलं, दोरा तोडला आणि बटण पुन्हा लावलं. नेमका तोच शर्ट त्यांनी घातला. टाय बांधायला त्यांना एका श्वासाएवढा वेळ लागला असेल.

दवाखान्यात बाकावर एक माणूस बसला होता. पन्नाशीचा, गळ्यावर नवी जाळी, त्यावर हात दाबून खाली वाकलेला. शेजारी बायको. तो फक्त फरशी बघत होता. सर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. आधी त्याला बूट दिसले असतील. मग तो हळूहळू वर बघत गेला, पट्टा, टाय, गाठ, आणि नजर गाठीवर थांबली. सरांनी टाय दोन बोटांनी बाजूला करून आतली जाळी दाखवली. पुन्हा सोडला. तो माणूस बघतच राहिला. त्याने गळ्यावरचा हात काढला, ते त्याला स्वतःलाही कळलं नसावं.

आतून नाव पुकारलं. सर गेले, दार लागलं. आधी फक्त शिकवणाऱ्या बाईंचं बोलणं ऐकू येत होतं. मग सरांचा आवाज आला. फाटका, घोगरा, ढेकर दिल्यासारखा एकच "आ". थोड्या वेळाने पुन्हा, जरा लांब. वहिनींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. तो बाकावरचा माणूस दाराकडे तोंड करून ताठ बसला होता.

त्याची बायको माझ्याकडे सरकली आणि हळूच म्हणाली, "ताई, तो शर्ट कुठे मिळतो?"

"मिळत नाही," मी म्हटलं. "यांचे घरी शर्ट किती आहेत?"